उचल घेऊन पळालेला पाऊस : एका निबंधातल्या वाक्याचं प्रकरण

वाक्य असं होतं : 'यंदा पाऊस सालदारासारखा आला. उचल घेतली आणि पळाला.'

नववीतल्या एका मुलीच्या वहीतलं हे वाक्य. निबंधाचा विषय 'पावसाळ्यातील एक दिवस', गुण १०. मी 'सालदारासारखा' या शब्दाखाली लाल रेघ ओढली, समासात 'अयोग्य उपमा. वरुणराजा असे लिहावे' असा शेरा मारला आणि एक गुण कापला. ७ दिले, पुढची वही उघडली.

हे सगळं प्रकरण त्या एका गुणाचं आहे. शाळा जळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेकडची, पारोळा-अमळनेर पट्ट्यातली. गावाचं आणि मुलांचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोन घरांचे व्यवहार यात आले आहेत. मी तिथे मराठी शिकवते. मुलांच्या घरी अहिराणी, वर्गात पुस्तकातली मराठी, आणि मधल्या सुट्टीत दोन्हींची खिचडी. माझ्या स्वतःच्या माहेरीही अहिराणीच बोलतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाहेरगावच्या बाईंना 'उचल' कळली नसेल अशी पळवाट मला राहणार नाही. मला सगळं कळलं होतं. तरी रेघ ओढली.

त्या वर्षीचा पाऊस आणि सालदार

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. सालदार म्हणजे ठरलेल्या रकमेवर वर्षभरासाठी शेतमालकाकडे राहिलेला गडी. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. ठरतं तेव्हा काही रक्कम आगाऊ देतात, ती उचल. उरलेले पैसे वर्षभरात थोडेथोडे, कुठे सोबत धान्य. लिखापढी झालीच तर वहीच्या एखाद्या पानावर, नाहीतर चार माणसांसमोर दिलेला शब्द. बहुतेक सालदार साल पुरं करतात. एखादा उचल घेऊन ऐन पेरणीत सुरतेला निघून जातो आणि त्याची गोष्ट ओट्याओट्यावर दहा वर्षं पुरते. जे साल पुरं करतात त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता पाऊस. त्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन पाऊस चांगले झाले. लोकांनी कापूस लावला, मका पेरला. बियाणं, खत, मजुरी, सगळं जमिनीत गेलं. मग तीन आठवडे आकाश कोरडं. रोज दुपारी ढग यायचे, सावली धरायचे, निघून जायचे. जुलै उजाडेपर्यंत गावात दुबार पेरणीची भाषा सुरू झाली होती. निबंध मी त्याच आठवड्यात घेतला, आणि विषय दिला 'पावसाळ्यातील एक दिवस'. आज मागे वळून पाहते तेव्हा विषयाचीच लाज वाटते, पण अभ्यासक्रमाच्या नियोजनात त्या आठवड्यापुढे तोच लिहिलेला होता.

एकूण ४१ वह्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक वह्यांत धरतीनं हिरवा शालू नेसला होता. मोर थुईथुई नाचत होते. बेडूक डराव डराव करत होते. बळीराजा आनंदला होता. एका मुलानं तर चिंब भिजून आल्यावर आईनं दिलेली गरमागरम भजी खाल्ली होती. त्याच्या घरची कापसाची सगळी रोपं करपल्याचं मला दोन दिवसांपूर्वी त्यानंच सांगितलं होतं. या सगळ्यांना मी ७, ८ असे गुण दिले होते. खिडकीबाहेर धूळ उडत होती आणि माझ्या टेबलावर ४० पावसाळे पडत होते. खरा पाऊस एकाच वहीत होता, म्हणजे तो नव्हता हे एकाच वहीत लिहिलेलं होतं.

हिरव्या शालूचा मला राग नाही. कधीतरी कोणाला तरी तो पहिल्यांदा दिसला असेल. आमच्याच धरणगावात जन्मलेल्या बालकवींनी 'हिरवे हिरवे गार गालिचे' लिहिलं तेव्हा गवत खरोखर नव्यानं अंथरलं गेलं. शंभर वर्षांनंतर तोच गालिचा निबंधात येतो तेव्हा लिहिणाऱ्याला गवतही दिसत नसतं आणि गालिचाही. आमच्या वर्गात गालिचा पाहिलेलं मूल मला सापडलं नाही. मी विचारलं तेव्हा एकानं 'सतरंजीसारखं ऱ्हास', म्हणजे सतरंजीसारखं असतं, एवढं सांगितलं.

टेबलाशी

वह्या परत दिल्यावर ती मुलगी टेबलाशी आली. भांडायला आली नव्हती. विचारायला आली होती.

'मॅडम, हे चुकलं का?'

'सालदार ही उपमा पावसाला शोभत नाही. पाऊस केवढा, सालदार केवढा.'

ती थोडी थांबली आणि मग तिच्या तोंडून अहिराणीच बाहेर पडली. 'आमना घर सगया असंच म्हनतस, मॅडम. आबा रोज म्हनतस, पानी उचल लिसन पयी ग्या.'

म्हणजे वाक्य तिचं नव्हतं. घरातलं होतं. आजोबा रोज सकाळी वावराकडे बघून जे म्हणायचे ते तिनं निबंधाच्या मराठीत आणलं होतं, आणि आणताना ते सगळ्यांना कळावं म्हणून 'सालदारासारखा' हा शब्द जोडला होता. आजोबांच्या बोलण्यात सालदार हा शब्दच नाही. 'उचल' म्हटल्यावर त्यांच्या अंगणात बाकीचं सगळ्यांना कळतं. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर आजोबांचं वाक्य रूपकाच्याही पलीकडे गेलेलं होतं, उपमान, म्हणजे सालदार, गाळलेलं, फक्त त्याची कृती उरलेली. मुलीनं शाळेसाठी त्याची उपमा केली. आणि शाळेनं ती उपमा म्हणून कापली.

मी तिला 'बघते' म्हणाले. शिक्षकांच्या भाषेत 'बघते'चा अर्थ काय होतो ते मुलांना ठाऊक असतं.

शिक्षक खोलीत मी हे सहज सांगितलं. विज्ञानाचे सर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. मथळा होता, 'पावसाने दडी मारली'.

'याला लाल रेघ मारा ना मॅडम. दडी मारायला पाऊस काय लपाछपी खेळतो?'

मी म्हणाले, तो वाक्प्रचार आहे.

'मग? कोणीतरी पहिल्यांदा म्हटलंच असेल. त्याचे गुण कोणी कापले नाहीत म्हणून तो वाक्प्रचार झाला.'

सरांचा विषय विज्ञान असला तरी बोलणं बिनतोड होतं. आपली रोजची मराठी पावसाला माणूस मानूनच चालते. पाऊस दडी मारतो, ओढ देतो, पाठ फिरवतो, हुलकावणी देतो, डोळे वटारतो. यातलं काहीच आपल्याला खटकत नाही, कारण वापरून वापरून त्यातला माणूस झिजून गेला आहे. कोण पाठ फिरवतो, कोणाकडे फिरवतो, हे आपण विचारत नाही. मुलीनं एवढंच केलं होतं की त्या झिजलेल्या माणसाला परत चेहरा दिला, धंदा दिला आणि गाव दिलं. प्रतिमा म्हणजे काय हे मला वर्षानुवर्षं नीट सांगता येत नव्हतं. त्या दिवशी दडी मारणारा पाऊस आणि उचल घेणारा पाऊस शेजारी ठेवल्यावर मुलांना फरक दाखवता येईल असं वाटलं. पहिलं वाक्य ऐकून आपल्याला बातमी कळते. दुसरं ऐकून आबांचं अंगण दिसतं.

सर एवढ्यावर थांबले नाहीत. 'बहिणाबाईंनी म्हटलं असतं तर तुम्ही त्यावर भाषण ठोकलं असतं,' म्हणाले. हे जरा लागलं.

मी रेघ का ओढली

खरं म्हणजे 'अयोग्य' हा शब्द मी हवेतून काढला नव्हता. काव्यशास्त्रात औचित्य हा मोठा विचार आहे, अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्रानं त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. उपमा शोभली पाहिजे, मोठ्याला मोठं, कोमलाला कोमल, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. शाळेत आम्ही उपमेचे चार भाग शिकवतो : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. मुलीच्या वाक्यात चारही हजर होते. उपमेय पाऊस, उपमान सालदार, साधारण धर्म आगाऊ घेऊन नाहीसं होणं, साम्यवाचक 'सारखा'. परीक्षेत 'अलंकार ओळखा' म्हणून दिलं असतं तर वर्गातल्या निम्म्या मुलांनी ओळखला असता. अडलं होतं ते शोभण्यापाशी.

आणि शोभत का नव्हतं? कारण माझ्या डोक्यात पाऊस राजा होता. वरुणराजा. हा शब्द मी समासात लिहिला तेव्हा मला तो निव्वळ सुंदर वाटला होता. नंतर त्याच्याकडे नीट पाहिलं. वरुणराजा म्हटलं की शेतकरी हात जोडून उभा राहतो. राजाकडे हिशोब मागता येत नाही, त्याची कृपा मागायची असते. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो ते वेगळंच, त्या राजाकडे तर या दुसऱ्या राजापुढे हात पसरण्याशिवाय काही राहत नाही. आबांच्या वाक्यात हे सगळं उलटं झालं आहे. तिथे पाऊस नोकर आहे आणि शेतकरी मालक. मी बियाणं दिलं, खत दिलं, मजुरी दिली. तू ते घेतलंस. आता काम कुठे आहे? करपत्या वावरात उभं राहून म्हाताऱ्यानं पावसालाच कामचुकार ठरवलं. त्यात विनोद आहे आणि हतबलताही आहे, कारण पळालेल्या सालदाराला निदान सुरतेला जाऊन शोधता येतं.

बाळ सीताराम मर्ढेकर आमच्या जिल्ह्यातल्या फैजपूरचे, जन्म १९०९. त्यांच्या सौंदर्यविचारात 'भावनानिष्ठ समतानता' अशी एक संज्ञा आहे. पदवीच्या वर्षी मी ती परीक्षेपुरती पाठ केली होती. सोप्या शब्दांत, दोन वस्तू कवितेत शेजारी येतात त्या दिसायला सारख्या असतात म्हणून नव्हे, तर दोन्ही मनात सारखीच भावना उठवतात म्हणून. मेघ आणि सालदार यांच्यात डोळ्यांना दिसणारं साम्य शून्य आहे. पैसे देऊन बसल्यावर मोकळ्या रस्त्याकडे बघत राहण्याची जी भावना आहे ती दोन्हीकडे तंतोतंत तीच. म्हणजे मर्ढेकरांच्या मोजपट्टीवर आबा पास होत होते. वरुणराजा नापास होत होता, कारण त्या जुलैत गावातल्या कोणालाच पावसाबद्दल राजाविषयी वाटावं तसं काही वाटत नव्हतं.

मी ठरवलं, गुण परत द्यायचा आणि वाक्य वर्गात वाचून दाखवायचं.

मुख्याध्यापकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'वाक्य चांगलं आहे. वर्गात वाचू नका.'

'का?'

'तुमच्या वर्गात सालदारांची पोरं किती, माहीत आहे?'

मला माहीत नव्हतं. मला वाटलं, सर नेहमीसारखे सावध आहेत.

वर्गात

मी वाक्य वाचलं आणि वर्ग हसला. हे हसू मला फार आवडलं, ते आजही नाकारत नाही. मोर नाचल्यावर कोणी हसत नाही. मुलांना वाक्य ओळखीचं वाटलं म्हणून ती हसली. मी फळ्यावर दोन रकाने केले, एकीकडे 'दडी मारली', दुसरीकडे 'उचल घेऊन पळाला', आणि फरक सांगायला लागले. चांगला तास चालला होता.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हसला नव्हता. माझं लक्ष नव्हतं. तास संपताना, मी 'काही शंका?' म्हटल्यावर तो उभा राहिला. हा मुलगा एरवी उभा राहत नाही.

'मना बाप ते पयना नही, मॅडम.'

वर्ग पुन्हा हसायला लागला आणि मग आपोआप थांबला.

त्याचे वडील गावातल्याच एका शेतकऱ्याकडे सहा वर्षं सालदार आहेत. मुलीच्या घरी नाहीत, दुसरीकडे. मधल्या सुट्टीत मी त्याला थांबवलं तेव्हा त्यानं तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच होता : बहिणीच्या लग्नाला उचल घेतली, ती त्या सालात फिटली नाही, पुढच्या आखाजीला उरलेली रक्कम नव्या सालात धरली, मध्ये आईचं आजारपण आलं, पुन्हा घेतली. सहा वर्षांत वडील एकदाही पळाले नाहीत. पळता येत नाही म्हणून तिथे आहेत.

म्हणजे 'उचल' हा एकच शब्द दोन घरांत दोन गोष्टी सांगतो. एका अंगणात उचल म्हणजे दिलेले आणि बुडालेले पैसे. दुसऱ्या घरात उचल म्हणजे फिटता न फिटणारं ओझं. आबांची प्रतिमा पहिल्या अंगणातून पाहिलेली आहे. ती खोटी नाही. तिथून पाऊस तसाच दिसतो. पण ती पाहायला ज्या जागी उभं राहावं लागतं तिथे त्या मुलाला उभं राहता येत नाही, कारण प्रतिमेच्या आत तो स्वतः, म्हणजे त्याचा बाप, उपमान होऊन बसलेला आहे. वर्ग हसला तो पावसावर हसला, पण वाटेत त्याच्या बापावरून गेला.

उपमेची जुनी व्याख्या संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं केली आहे, 'साधर्म्यमुपमा भेदे'. भेद असताना साधर्म्य दिसणं म्हणजे उपमा. मी साधर्म्य तेवढं शिकवत आले. चंद्रासारखं मुख म्हटलं की चंद्र आणि मुख यांत सारखं काय ते विचारायचं, पूर्ण गुण द्यायचे. काय सारखं नाही, हे मी कोणत्याही वर्गात विचारलं नव्हतं. चंद्राच्या बाबतीत ते चालून जातं, चंद्र मागच्या बाकावर बसलेला नसतो. माणसाला उपमान केलं की भेदाचा भाग ज्याच्या वाट्याला येतो तो उठून उभा राहतो. त्या मुलानं जे वाक्य म्हटलं ते व्याकरणाच्या अंगानं पाहिलं तर भेदाचंच वाक्य होतं.

बहिणाबाईंची आठवण मला इथे परत झाली, सरांच्या टोमण्यामुळे नव्हे. आसोद्याला १८८० साली जन्मलेली ही बाई. अक्षर लिहिता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर गाणी म्हणायची, सोपानदेव वगैरे घरच्यांनी ती टिपून ठेवली आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, अत्र्यांच्या पुढाकारानं छापली गेली. (त्यांची बोली लेवा. ती अहिराणी आहे असं खूप जण ठोकून देतात, आमच्या भागातलेसुद्धा.) संसाराला त्यांनी चुलीवरच्या तव्याची उपमा दिली हे पोरांना पाठ असतं. प्रश्न तव्यावर येतो. पण ती ओळ तव्यावर थांबत नाही, 'आधी हाताला चटके' इथे जाते, आणि हा हात भाकरी करणाऱ्या बाईचा आहे. पंगतीत बसून भाकरी खाणाऱ्याला संसार तव्यासारखा दिसला असता का? त्याला कदाचित ताटासारखा दिसला असता. तवा तोच, पण चटका कोणाला बसतो यावरून ओळ कोणाची ते कळतं. इतकी वर्षं मी ही ओळ शिकवली आणि 'साधारण धर्म : चटके सोसणे' एवढं फळ्यावर लिहून पुढे गेले.

दुसरा तास

मग मी एक साधं काम दिलं. निबंध नाही, एक वाक्य. 'पाऊस ...सारखा' हे पुरं करायचं, पण आपल्या घरातून, आपल्या ओट्यावरून दिसेल तसं. पुस्तकातलं नको. आणि पुढे एका ओळीत 'कुठे सारखा नाही' तेही लिहायचं.

बरीचशी वाक्यं कामाची नव्हती, ते ठीकच. एकीनं 'पाऊस आईसारखा' लिहिलं. शेजारणीनं विचारलं, कसा? ती म्हणाली, प्रेमळ. कोणाला पटलं नाही, तिलाही नाही. तीन आठवडे न आलेली आई प्रेमळ कशी, असं कोणीतरी म्हणालं. तिनं ते खोडलं. निबंधात असतं तर मी बरोबरची खूण केली असती.

पण काही वाक्यं अशी होती की मी ती वेगळ्या कागदावर उतरवून घेतली. 'पाऊस एसटीसारखा. लोक थांब्यावर उभे राहतात आणि गाडी पुढच्या गावात जाऊन थांबते.' ज्यानं हे लिहिलं तो फाट्यावरून रोज शाळेत येतो. 'कुठे सारखा नाही' पुढे त्यानं लिहिलं होतं, 'एसटीच्या मागे पळता येतं.' दुसरं एक : 'पाऊस मोबाईलमध्ये पडतो. आमच्या वावरात पडत नाही.' यात 'सारखा' नाहीच, प्रश्नाचं उत्तरही नाही, आणि तरी हवामानाच्या अंदाजाबद्दल गावात जे बोललं जातं ते सगळं त्यात आहे. अलंकार कोणता म्हणून विचाराल तर मला ठामपणे सांगता येणार नाही.

याच जागी मी वर्गात आखाजीचं गाणं घेतलं. पुस्तकात नाही, पण मुलींना झोक्यावरून पाठ असतं : 'आथानी कैरी, तथानी कैरी, कैरी झोका खाय वं, कैरी तुटनी, खडक फुटना, झुयझुय पानी वाहे वं.' यात कुठे 'जसा' आहे? कैरी कशासारखी आहे, खडक म्हणजे कोण? काहीच सांगितलेलं नाही. भर वैशाखात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, एक कैरी पडते, खडक फुटतो आणि पाणी वाहतं. 'झुयझुय' तर कानानंच ऐकायचं. एका मुलीनं अर्थ लावला की कैरी म्हणजे माहेरी आलेली लेक. दुसरी म्हणाली, काही नाही, ऊन फार असतं म्हणून पाणी आठवतं. मला दोन्ही पटले. आधीच्या मुलीला मी 'परीक्षेत असं लिहू नको' म्हणणार होते, तेवढं गिळलं. दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे लिहायचे असतात, आणि तिघांचे तयार परिच्छेद गाईडात मिळतात. मुलं ते कोणत्याही कवितेला लावतात. या गाण्याला लावून पाहिले, बसले नाहीत, वर्गाला मजा आली.

आणि हे गाणं ज्या दिवशी झोक्यावर म्हणतात त्याच दिवशी सालदाराचा हिशोब होतो. हे माझ्या लक्षात शिकवता शिकवता आलं. मी वर्गात बोलले नाही.

मागच्या बाकावरच्या मुलानं त्या दिवशी कागद दिला नाही. दुसऱ्या दिवशी घरून लिहून आणला, घडी करून, टेबलावर ठेवून गेला. 'पाऊस मालकासारखा. त्याच्या मनात येईल तेव्हा येतो. आम्ही हिशोब विचारत नाही.'

खाली 'कुठे सारखा नाही' ही ओळ होती. तिच्यापुढे जागा कोरी.

मी ते वाक्य वर्गात वाचलं नाही. या वेळी मुख्याध्यापकांना विचारलंही नाही. गावात त्या मालकाची नात सातवीला आहे, आणि वाक्य मधल्या सुट्टीत कुठवर पोचतं ते मला आता कळलं होतं. भित्रेपणा म्हणायचा तर म्हणा. त्याच्या वडिलांचं पुढचं साल माझ्या वाङ्मयीन आनंदापेक्षा मोठं होतं. मुलाला मात्र बोलावून सांगितलं की वर्गात लिहिलं गेलेलं हे सगळ्यात चांगलं वाक्य आहे. का, तेही सांगितलं. माझा वरुणराजा आणि त्याचा मालक जवळजवळ एकच आहेत, दोघांनाही हिशोब विचारता येत नाही. फक्त मी ते हात जोडून लिहिलं होतं आणि त्यानं डोळे उघडे ठेवून. त्याला यातलं किती कळलं माहीत नाही. 'मग गुण किती?' एवढं त्यानं विचारलं. त्या कामाला गुण नव्हते.

दुरुस्ती

मुलीचं वाक्य उरलं होतं. मागच्या बाकावरचं ऐकल्यापासून ती गप्प होती. दोन दिवसांनी विचारायला आली.

'मॅडम, मी ते काढून टाकू का?'

इथे सोपं उत्तर 'हो' होतं. दुसरं सोपं उत्तर 'नाही, लेखकाला स्वातंत्र्य असतं' हे होतं. दोन्ही मला देता येईनात. मी म्हणाले, हे वाक्य कोणाचं आहे ते बघ.

ती वही घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी वाक्य बदलून आणलं : 'आबा रोज सकाळी वावराकडे बघतात आणि म्हणतात, पाऊस उचल घेऊन पळाला.'

मी हे तीनदा वाचलं. सालदार हा शब्द गेला होता. उचल राहिली होती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आता ते आबांच्या तोंडी होतं. आधीच्या वाक्यात जणू सगळं जगच पावसाला सालदार म्हणत होतं, निबंधाचा आवाज म्हणत होता. नव्या वाक्यात एक म्हातारा म्हणतो. वाचताना पाऊस दिसतो, आणि पावसाकडे बघणारा म्हाताराही दिसतो, त्याची जमीन, त्याचे बुडालेले पैसे, सालदारांबद्दलचं त्याचं जुनं मत, सगळं. कोणाला आबांशी सहमत व्हायचं नसेल तर त्या वाक्यात तेवढी जागा आहे. कथालेखनाच्या शिबिरात हे शिकवायला अर्धा दिवस लागतो. हिनं ते एका रात्रीत केलं, आणि मी काही शिकवलं म्हणून नाही. मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला म्हणून.

मी जुनी लाल रेघ खोडता येत नाही म्हणून तिच्यावर उभी काट मारली, ७ चे ८ केले आणि सही केली. पूर्ण १० का नाही, असं विज्ञानाच्या सरांनी विचारलं. शेवटच्या परिच्छेदात तिनंही एक मोर नाचवला होता.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रात्रभर पाऊस पडला. सकाळी वर्गात ओल्या दप्तरांचा वास होता. हजेरी घेताना ती मुलगी न राहवून म्हणाली, 'मॅडम, आबा म्हनतस, पानी उचल फेडाले उना.' म्हणजे पाऊस उचल फेडायला आला.

मागच्या बाकावरून आवाज आला, 'अर्धीच.'